नागपुरात न भरलेले अधिवेशन

डिसेंबर १९०७ मध्ये राष्ट्रीय सभेचे तेविसावे अधिवेशन नागपुरात भरायचे होते. ते भरले सुरतेत, आणि तिथे मंडपातच मोडले. सुरतेत अध्यक्षांच्या व्यासपीठाकडे भिरकावलेला जोडा, उगारलेल्या काठ्या आणि पोलिसांनी रिकामा केलेला मंडप शाळेच्या पुस्तकांतून सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे. पण सुरतेत जे फुटले ते त्याआधीच नागपुरात तडकले होते. या शहरातल्या स्वागत समितीत त्या वर्षी एक प्रश्न उभा राहिला : सभा कोणाची, आणि तिचा सभासद कोण? त्याचे उत्तर द्यायला देशाला तेरा वर्षे लागली, आणि ते उत्तर पुन्हा नागपुरातच मिळाले. ही त्या तेरा वर्षांची हकीकत.

१९०७ चे नागपूर मध्य प्रांताची राजधानी होते. भोसल्यांचे राज्य डलहौसीने १८५४ मध्ये खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला, १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे येऊन पोहोचली आणि १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. मॉरिस कॉलेजातून वकील आणि शिक्षक तयार होऊ लागले. १९०३ मध्ये वऱ्हाडही या प्रांताच्या कारभाराला जोडले गेले आणि अमरावतीचे वकील नागपूरच्या राजकारणात पूर्वीपेक्षा जास्त ये-जा करू लागले. एवढ्या मोठ्या प्रांताला स्वतःचे कायदेमंडळ मात्र नव्हते; ते १९१४ मध्ये आले. चीफ कमिशनर सांगेल तो कायदा. त्याच्यापुढे गाऱ्हाणे मांडायचे तर अर्ज, शिष्टमंडळ आणि वर्तमानपत्र एवढीच साधने होती.

ही साधने ज्यांच्या हाती होती ती माणसे लहान नव्हती. गंगाधरराव चिटणवीस मोठे मालगुजार, व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात बसलेले. सर बिपिन कृष्ण बोस नामांकित वकील. पुढे १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा ते त्याचे पहिले कुलगुरू झाले. अमरावतीचे रंगनाथ नरसिंह मुधोळकर यांची कारखानदारी आणि शेतीच्या प्रश्नांवर पकड होती. राष्ट्रीय सभेचे १८९१ चे अधिवेशन नागपुरात आणि १८९७ चे अमरावतीत भरले ते याच पिढीच्या कष्टांनी. त्यांना मवाळ म्हणताना आपण सहसा त्यांचे हे काम विसरतो. इंग्रजी राज्याला त्याच्याच कायद्याच्या भाषेत जाब विचारणे त्यांनी सुरू केले, आणि तेही कोणी विचारत नव्हते तेव्हा.

दुसऱ्या बाजूला त्याच शाळा-कॉलेजांतून निघालेली नवी मंडळी होती. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे बिलासपुरात जन्मलेले आणि मुंबईत वैद्यक शिकलेले. बोअर युद्धात वैद्यकीय पथकाबरोबर दक्षिण आफ्रिकेत जाऊन आल्यावर त्यांनी नागपुरात डोळ्यांचा दवाखाना थाटला होता. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे टिळकांचे जिवलग. गाजलेले वकील आणि त्याहून गाजलेले वक्ते. ‘देशसेवक’ पत्रात अच्युत बळवंत कोल्हटकरांची लेखणी चालत होती. माधवराव सप्रे यांनी एप्रिल १९०७ मध्ये नागपुरातून ‘हिंदी केसरी’ सुरू केला आणि टिळकांचे विचार हिंदी वाचकांपर्यंत नेले. सप्रे मराठी घरातले, वाढले हिंदी मुलखात; पुढे ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ त्यांनीच हिंदीत आणले. दोन भाषांच्या सीमेवरच्या या शहरात जहाल मत दोन्ही भाषांत एकाच वेळी बोलू लागले.

१९०६ च्या डिसेंबरात कलकत्त्याला दादाभाई नौरोजींच्या अध्यक्षतेखाली स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण हे चार ठराव झाले. वंगभंगाने पेटलेला बंगाल आणि टिळकांचा महाराष्ट्र यांना ते आपले विजयपत्र वाटले, तर फिरोजशहा मेहतांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते गळ्याशी आलेले ओझे. पुढच्या अधिवेशनात ते ठराव टिकणार की सौम्य होणार हे अध्यक्ष कोण यावर बरेच अवलंबून होते. नवपक्षाला टिळक हवे होते, जुन्या पक्षाला कलकत्त्याचे डॉ. रासबिहारी घोष. आणि अध्यक्षाची निवड पहिल्यांदा होणार होती नागपूरच्या स्वागत समितीत.

खरा पेच इथेच होता. राष्ट्रीय सभेला बावीस वर्षे झाली होती, तरी तिला लिखित घटना नव्हती. प्रतिनिधी कोणी निवडायचे याला नियम नव्हता. एखाद्या संस्थेने किंवा जाहीर सभेने नाव पुकारले की माणूस प्रतिनिधी होई. स्वागत समितीचे सभासदत्व ठराविक वर्गणी भरणाऱ्याला मिळे. कलकत्त्याच्या अधिवेशनात मात्र एक नियम झाला होता : स्वागत समितीने तीन चतुर्थांश बहुमताने अध्यक्ष सुचवावा, ते न जमल्यास निर्णय मध्यवर्ती स्थायी समितीकडे जावा. आधीच्या वर्षांत चार मोठी माणसे बसत आणि नाव ठरत असे. आता मते मोजायची वेळ आली होती, पण मतदार कोण हे कुठेच लिहिलेले नव्हते.

नागपूरच्या नवपक्षाने ही फट ओळखली. त्यांनी पैसे जमवले, आपल्या माणसांची वर्गणी भरली आणि स्वागत समितीत नव्या सभासदांची रीघ लावली. आजवर सभेच्या दारापाशी न आलेली माणसे एकदम समितीत बसली. जुन्या पक्षाच्या दृष्टीने ही घुसखोरी होती : सभेसाठी आयुष्य घालवलेल्यांना काल आलेल्यांनी मतांनी हरवायचे, हा कुठला न्याय? नव्या पक्षाच्या दृष्टीने हेच राजकारण होते : सभा राष्ट्राची म्हणवते, तर राष्ट्रातल्या माणसांनी तिच्यात येऊ नये का? दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते. तीन चतुर्थांश मते मात्र कोणाकडेच नव्हती.

सप्टेंबर १९०७ मधली स्वागत समितीची सभा गोंधळात मोडली. आत घोषणा आणि बाहेर विद्यार्थ्यांचा जमाव. जुन्या पुढाऱ्यांना अपमान सोसून बाहेर पडावे लागले. या प्रसंगात नवपक्षाची बाजू घेणे मला अवघड जाते. ज्यांचे मत पटत नाही त्यांना बोलू न देणे ही जनतेची सत्ता नव्हे. पण या गोंधळाचा उपयोग पुढे ज्या रीतीने केला गेला तेही तितकेच घातक ठरले. नोव्हेंबरात मुंबईत मेहतांच्या पुढाकाराने निर्णय झाला की नागपुरात अधिवेशन भरवणे शक्य नाही, ते सुरतेला न्यावे. सुरत हा मेहतांच्या प्रभावाखालचा प्रदेश. नागपूरच्या काही जहालांनी आपले वेगळे अधिवेशन भरवायचा विचार केला, पण टिळकांनी तो मानला नाही. सभा एकच राहिली पाहिजे, भांडायचे ते तिच्या आत, हा त्यांचा आग्रह होता. म्हणून नागपूरचे प्रतिनिधी सुरतेला गेले. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

त्याच वर्षी दूर रशियात काय चालले होते ते पाहिले की नागपूरचा हा तंटा गल्लीतला वाटत नाही. झारच्या राज्यातल्या विरोधी पक्षांनाही याच प्रश्नाने फोडले होते. रशियन सामाजिक लोकशाही मजूर पक्षाची दुसरी परिषद १९०३ मध्ये ब्रुसेल्समध्ये सुरू झाली आणि पोलिसांच्या जाचामुळे लंडनला हलवावी लागली. तिथे ज्या कलमावर लेनिन आणि मार्तोव एकमेकांसमोर उभे राहिले ते पक्षनियमांचे पहिलेच कलम होते : पक्षाचा सभासद कोणाला म्हणायचे? पक्षाच्या एखाद्या संघटनेत स्वतः काम करणाऱ्यालाच, असे लेनिनचे म्हणणे. संघटनेच्या देखरेखीखाली नियमित मदत करणाराही सभासद मानावा, असे मार्तोवचे. त्या कलमावर मार्तोव जिंकला. नंतर काही प्रतिनिधी निघून गेल्यावर इतर मतदानांत लेनिनच्या गटाला बहुमत मिळाले. बोल्शेविक आणि मेन्शेविक ही नावे तिथली. शेतकऱ्यांवर भिस्त ठेवणारे समाजवादी क्रांतिकारक वेगळे होते, आणि १९०५ च्या उठावानंतर संसदीय मार्गाने जाऊ पाहणारे उदारमतवादी ‘कादेत’ आणखी वेगळे. पंतप्रधान स्टॉलिपिनने जून १९०७ मध्ये दुसरी ड्यूमा बरखास्त केली आणि मतदानाचा कायदा असा बदलला की कामगार-शेतकऱ्यांची मते पातळ झाली आणि जमीनदारांची जड. नागपुरात सभासदांच्या यादीवरून झगडा चालू होता त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात रशियात मतदारांची यादीच छाटली गेली.

मराठी माणसांना तेव्हाचा रशिया परका नव्हता. पांडुरंग महादेव बापट, पुढचे सेनापती बापट, याच सुमारास पॅरिसमध्ये एका रशियन क्रांतिकारकाकडून स्फोटकांची विद्या शिकत होते. मे १९०८ मध्ये मुजफ्फरपूरच्या बाँबनंतर ‘केसरी’ने लिहिताना रशियाचा दाखला दिला होता : दडपशाही जितकी वाढेल तितका तरुण असल्या मार्गाकडे वळेल. त्याच लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि २२ जुलै १९०८ रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांसाठी सहा दिवस संप केला, आणि परदेशात आसऱ्याला राहणाऱ्या लेनिनने आपल्या लेखात त्या संपाची दखल घेतली.

त्या वेळी राष्ट्रीय सभेचे काय झाले? एप्रिल १९०८ मध्ये अलाहाबादला मवाळ पुढाऱ्यांनी सभेची पहिली घटना तयार केली. इतकी वर्षे नसलेली लेखी घटना अखेर आली, पण दार बंद करण्यासाठी. साम्राज्यांतर्गत स्वराज्य सनदशीर मार्गाने मिळवायचे, या ध्येयावर प्रत्येक प्रतिनिधीने लेखी सही केली पाहिजे. आणि प्रतिनिधी निवडायचा हक्क फक्त मान्यताप्राप्त समित्यांना. नागपुरात ज्यांनी स्वागत समिती भरून टाकली होती त्यांच्यासाठी तो मार्ग आता बंद झाला. पुढच्या काही वर्षांत अधिवेशनाला येणाऱ्या प्रतिनिधींची संख्या काही शेकड्यांवर उतरली. १९१२ मध्ये बांकीपूरच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद अमरावतीच्या मुधोळकरांना मिळाले. पात्र माणसाला मान मिळाला, पण सभा रोडावलेली होती.

नागपुरावर या काळात दोन्हीकडून घाव आले. टिळकांना शिक्षा झाल्यावर महिन्याभरातच, ऑगस्ट १९०८ मध्ये, सप्रे आणि कोल्हटकर यांना राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. सप्र्यांना घरच्यांच्या दडपणाखाली माफी लिहून द्यावी लागली आणि त्या सलाने त्यांनी पुढची कित्येक वर्षे स्वतःला एखाद्या संन्याशासारखी शिस्त लावून घेतली. कोल्हटकर तुरुंगात गेले. सुटल्यावर ते मुंबईला गेले आणि तिथे त्यांनी ‘संदेश’ काढून मराठी पत्रकारितेची शैलीच बदलली. खापर्डे टिळकांच्या अपिलासाठी इंग्लंडला गेले. अरविंद घोष सुरतेनंतर जानेवारी १९०८ च्या अखेरीस अमरावती-नागपूरला येऊन बोलून गेले होते. मे महिन्यात तेही अलिपूर खटल्यात गजाआड झाले. १९०८ आणि १९१० च्या वृत्तपत्रविषयक कायद्यांनी उरलेल्या लेखण्या आवळल्या.

उघडे दार बंद झाले म्हणून राजकारण थांबत नाही. ते तळघरात उतरते. ‘वंदे मातरम्’ पुकारल्यावरून नील सिटी हायस्कूलमधून काढलेला केशव हेडगेवार हा मुलगा १९१० मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी कलकत्त्याला गेला आणि तिथे अनुशीलन समितीच्या क्रांतिकारकांच्या संपर्कात आला. रशियात हेच अधिक भयानक रूपात घडत होते. बंदी असलेल्या पक्षांमध्ये झारच्या गुप्त पोलिसांनी आपली माणसे पेरली होती. समाजवादी क्रांतिकारकांच्या लढाऊ पथकाचा म्होरक्या येवनो अझेफ हाच पोलिसांचा माणूस होता, हे कळले तेव्हा त्या पक्षाचा कणा मोडला. सभासद कोण हे उघडपणे ठरवता येत नाही तिथे शेवटी कोणाचाच भरवसा राहत नाही. नागपूरचे राजकारण त्या टोकाला गेले नाही याचे एक कारण असे की इथल्या नेत्यांनी उघड मार्ग कायमचा सोडला नाही. १९१४ मध्ये टिळक मंडालेहून सुटले. त्याच वर्षी गोपाळराव ओगल्यांनी नागपुरात ‘महाराष्ट्र’ पत्र सुरू केले. १९१५ च्या मुंबई अधिवेशनात घटना सैल झाली, १९१६ मध्ये लखनौला दोन्ही पक्ष पुन्हा एका मंडपात बसले, आणि टिळकांच्या होमरूल लीगने मध्य प्रांत-वऱ्हाड आपल्या कार्यक्षेत्रात घेतला.

१९२० हे वर्ष उजाडले तेव्हा अधिवेशनाचा मान नागपूरला मिळाला होता. तेरा वर्षांपूर्वी हुकलेली संधी आता टिळकांच्या अध्यक्षतेने पुरी व्हावी, ही इथल्या लोकांची साहजिक इच्छा होती. १ ऑगस्टला टिळक गेले. मुंजे आणि हेडगेवार पाँडिचेरीला अरविंदांकडे गेले आणि त्यांनी अध्यक्ष व्हावे अशी विनवणी केली. अरविंदांनी नकार कळवला. अखेर सेलमचे विजयराघवाचारियर अध्यक्ष झाले.

पण त्या वर्षीच्या नागपूरची गोष्ट डिसेंबरात सुरू होत नाही. ३० मेपासून १ जूनपर्यंत इथे अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष होते राजर्षी शाहू महाराज आणि तिच्यातला तरुण आवाज होता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. अस्पृश्यांचे प्रतिनिधी इतरांनी निवडून द्यावेत, ही डिप्रेस्ड क्लासेस मिशनने पुढे केलेली कल्पना या परिषदेने फेटाळली. आमचा प्रतिनिधी आम्हीच निवडणार. १९०७ मध्ये वकील आणि मालगुजार यांच्यात जो प्रश्न निघाला होता तोच आता गावकुसाबाहेरून विचारला गेला, आणि तो आधीच्या दोघांपेक्षा खोल होता. मवाळ असोत वा जहाल, दोन्ही पक्षांत ज्यांना जागाच नव्हती त्यांनी तो विचारला होता. १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना आणि १९५६ चे धम्मदीक्षेचे पर्व नागपुरातच घडले, यामागे ही १९२० पासूनची मुळे आहेत.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अधिवेशन भरले. १४,००० हून अधिक प्रतिनिधी आले. काँग्रेसनगर हा नागपुरातला भाग त्या अधिवेशनाचे नाव आजही सांगतो. जमनालाल बजाज स्वागताध्यक्ष होते, डॉ. परांजपे आणि हेडगेवार यांच्या हाताखाली स्वयंसेवक राबत होते. गांधींच्या असहकाराला विरोध करायला मोठा जथा घेऊन आलेल्या चित्तरंजन दासांनीच अखेर असहकाराचा ठराव मांडला आणि लजपतराय त्याला अनुमोदन देऊन गेले. जिना यांनी विरोध केला तेव्हा मंडपातून त्यांना बोलू न देण्याचा प्रयत्न झाला, आणि त्यांनी ती सभा कायमची सोडली. १९०७ मधल्या त्या सप्टेंबरच्या सभेचा दोष अजून धुतला गेला नव्हता; या वेळी त्याची किंमत देशाने फार मोठी मोजली.

तरी नागपूर अधिवेशनाचे सर्वांत टिकाऊ काम असहकाराचा ठराव नव्हे. ते काम म्हणजे नवी घटना. तिचा मसुदा गांधींनी केला होता आणि समितीत त्यांच्याबरोबर टिळकांच्या वतीने न. चिं. केळकर होते. एकवीस वर्षांवरचा कोणीही, ध्येय मान्य करून, वर्षाला चार आणे भरील तर सभासद. प्रत्येक ५०,००० लोकसंख्येमागे एक प्रतिनिधी. प्रांतिक समित्या भाषेप्रमाणे. त्यामुळे इंग्रजांच्या एका मध्य प्रांतातून सभेसाठी मराठी आणि हिंदी भाग वेगळे झाले आणि वऱ्हाडला स्वतःची समिती मिळाली. वर्षभर काम पाहायला १५ जणांची कार्यकारिणी. १९०७ मध्ये ज्या दोन फटींतून वाद आत शिरला होता, सभासद कोण आणि प्रतिनिधी कोणी निवडायचे, त्या दोन्ही फटी या घटनेने लेखी भरून काढल्या. चार आण्यांनी सभेचे दार गिरणीतल्या मजुराला आणि खेड्यातल्या कुणब्यालाही उघडे झाले. वर्गणी इतकी कमी ठेवण्यामागे हिशेब साधा होता : सभा राष्ट्राची असेल तर तिची पावती राष्ट्रातल्या गरिबाला परवडली पाहिजे.

या उघड्या दाराचा पहिला फटका, गंमत नव्हे तर इतिहासाचा न्याय म्हणून, ज्यांनी ते ठोठावले त्यांनाच बसला. मुंजे आणि खापर्डे यांना असहकारातला कौन्सिलांवरचा बहिष्कार मनापासून पटला नव्हता. १९०७ मध्ये लोकांची मते आपल्या बाजूला आहेत या भरवशावर ते लढले. १९२० मध्ये लोक आले आणि गांधींच्या मागे गेले. पण घटनेत अल्पमतालाही श्वास घ्यायला जागा होती. स्वराज्य पक्षातून मुंजे आणि त्यांचे सहकारी १९२३ च्या निवडणुकीत उतरले, मध्य प्रांताच्या कायदेमंडळात त्या पक्षाला बहुमत मिळाले आणि १९२४ मध्ये मंत्र्यांचे वेतन नाकारून त्यांनी द्विदल राज्यपद्धती बंद पाडली. त्याच १९२३ मध्ये बाहेर रस्त्यावर झेंडा सत्याग्रह चालू होता : सिव्हिल लाइन्समध्ये तिरंगा नेण्याची बंदी मोडायला देशभरातून स्वयंसेवक नागपुरात येत आणि तुरुंगात जात. एकाच शहरात, एकाच सभेची माणसे, कायदेमंडळात आणि तुरुंगात, दोन वाटांनी लढत होती. सुरतेत हेच त्यांना जमले नव्हते.

रशियाचे आणि नागपूरचे भेद मी पुसू इच्छित नाही. तिथे १९०५ पर्यंत उघड पक्षाला जागाच नव्हती, निर्वासितांच्या बैठका परदेशांतल्या शहरांत भरत, आणि झारशाहीचा हात इंग्रजांच्या हातापेक्षाही सैल सुटलेला होता. पण एक धडा दोन्हीकडे सारखा आहे. विरोधी पक्ष शत्रूपेक्षा अनेकदा स्वतःच्या दारावर फुटतो. आत कोणाला घ्यायचे, मत कोणाचे मोजायचे, हरलेल्याला बोलू द्यायचे की नाही, यांची उत्तरे ज्या चळवळीने घाईने किंवा जबरीने दिली ती पुढे त्याच रीतीने राज्य करू लागली. १९१७ नंतरच्या रशियात तसे घडले : ज्याने पक्षाची दारे अरुंद ठेवली त्यानेच देशाचीही ठेवली, आणि निवडून आलेली संविधान सभा जानेवारी १९१८ मध्ये एका बैठकीनंतर बंद केली.

आपल्याकडे उलट वाट निवडली गेली, तीही पूर्णपणे नाही. मंडपातला अल्पमताचा आवाज आपण अनेकदा दाबला, आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला चार आण्यांची पावती मिळाली तरी बरोबरीचे आसन मिळायला फार काळ गेला. ते पूर्ण मिळाले असे आजही म्हणता येत नाही. पण दार उघडे ठेवायचे आणि मत मोजायचे, हे तत्त्व १९२० मध्ये नागपुरात लेखी उतरले. प्रौढ मतदानाच्या देशाने पुढे जे मान्य केले त्याची एक तालीम इथे, सुरतेच्या तेरा वर्षांनंतर, झाली. म्हणून १९०७ मध्ये नागपुरात न भरलेल्या त्या अधिवेशनाला अपयश म्हणून सोडून देता येणार नाही. त्याने प्रश्न नेमका मांडला होता. आजच्या प्रत्येक पक्षाने आपल्या सभासदांची यादी, आपली अंतर्गत निवडणूक आणि आपल्या हरलेल्या उमेदवाराला दिलेली वागणूक यांकडे पाहून त्याच प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे; जो पक्ष ते देत नाही तो लोकशाहीच्या नावाने मत मागायला अपात्र आहे.